पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्या घरमालकांना खुले पत्र

प्रति,
स्वतःचे घर भाड्याने देऊ पाहणारे सर्व घरमालक

सप्रेम नमस्कार.

आम्ही घरे भाड्याने देण्याघेण्याचे काम करणारी माणसे आहोत. करारनामे तयार करणे, अर्जदारांची कागदपत्रे तपासणे, ताबा देता-घेताना घराच्या नोंदी करणे आणि बिनसले की दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे, हे आमचे रोजचे काम. ‘चांगला भाडेकरू ओळखायचा कसा?’ असे तुम्ही विचारता आणि उत्तर मात्र माणसाच्या चेहऱ्यात, आडनावात, बोलण्याच्या ढबीत शोधता. तिथे ते सापडत नाही, म्हणून हे पत्र. भाड्याचे व्यवहार कशामुळे मोडतात ते पाहा. नोकरी जाते. आजारपण येते. एकत्र राहणाऱ्या तिघांपैकी एक निघून जातो आणि उरलेल्या दोघांना भाडे झेपत नाही. गळती महिनोन्‌महिने दुरुस्त होत नाही म्हणून भाडेकरू पैसे अडवून धरतो. शेवटी अनामतीवरून जुंपते. यातले काहीही आडनावावरून कळत नाही. जेवढे आधी कळू शकते, तेवढे कागदांवरून आणि दोन-तीन फोनवरून कळते. बाकीचे तुमच्या स्वतःच्या तयारीवर अवलंबून असते.

त्यातली पहिली तयारी घराची. ज्याचे उत्पन्न स्थिर आहे आणि ज्याच्याबद्दल आधीचा घरमालक चार शब्द चांगले बोलतो, त्याला हवी तेवढी घरे मिळतात. भिंतीला आलेली ओल, ठिबकणारा नळ, न बसणारी कडी पाहून तो वाद घालत नाही. ‘कळवतो’ म्हणतो आणि पुढचे घर पाहायला जातो. मागे उरतात ते बहुधा असे, ज्यांना दुसरीकडे कोणी घर दिलेले नाही. ‘आमच्याकडे लोकच असे येतात’ ही तक्रार आम्ही फार ऐकतो. त्या घरी चांगले लोकही येऊन गेलेले असतात, फक्त थांबलेले नसतात.

म्हणून जाहिरात देण्याआधी अर्धा दिवस घरात घालवा. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि तासाभराने पुन्हा पाहा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. पुष्कळदा ती फ्लशच्या टाकीत असते. टाकीत थोडा रंग टाकून पंधरा मिनिटे फ्लश वापरू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचा वॉशर झिजला आहे. विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का पाहा आणि त्याचे चाचणीचे बटण दाबा. तो लगेच पडला पाहिजे. पडत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, कारण शॉक लागल्यावर वीज तोडणारा तोच आहे. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती उलटून गेली असल्यास नळी बदला. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे तिथे चिठ्ठी लावा. रात्री दोन वाजता पाइप फुटल्यावर भाडेकरूने तो शोधत बसू नये. मुख्य दाराचे कुलूप आधीच्या भाडेकरूनंतर बदललेले नसेल, तर बदला. आणि घराचा विमा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा की आता घरात तुम्ही स्वतः राहणार नाही. मालक राहत असलेल्या घरासाठी घेतलेली पॉलिसी भाड्याच्या घराला लागू होईलच असे नाही, आणि हे दावा नाकारला गेल्यावर कळून उपयोग नसतो.

दुसरी तयारी भाड्याच्या आकड्याची. शेजारपाजारच्या जाहिरातींमधले आकडे हे मागितलेले भाडे असते, मिळालेले नव्हे. ज्या जाहिराती दोन महिने जागच्या हललेल्या नाहीत, त्या बाजूला काढा. आठ-दहा दिवसांत गेलेल्या घरांचे भाडे शोधा. मग हा हिशेब मांडा. तुमच्या घराचे रास्त भाडे महिन्याला १०० मानू. लगेच दिले तर वर्षाचे १,२०० होतात. तुम्ही ११० मागितले आणि घर एक महिना रिकामे राहिले, तर अकरा महिन्यांचे १,२१० मिळतात, म्हणजे सगळी ताणाताण वर्षाला १० साठी. दुसराही महिना रिकामा गेला की हातात १,१००, म्हणजे रास्त भाड्यापेक्षा १०० कमी. एक रिकामा महिना वर्षाच्या उत्पन्नातले सुमारे ८.३ टक्के खातो. शिवाय जास्त भाड्याचा परिणाम ओल्या भिंतीसारखाच होतो. ज्याला पर्याय आहे तो निघून जातो. जो ‘कितीही चालेल’ म्हणतो, त्याचा ते भरण्याचा इरादा नसण्याचीही शक्यता असते.

जाहिरातीबद्दल थोडक्यात. चटईक्षेत्र, मजला, भाडे, अनामत, देखभालीचा खर्च कोणाकडे, घर कधीपासून मिळेल आणि किमान किती महिन्यांसाठी, एवढे स्पष्ट लिहा. फोटो दिवसाउजेडी काढा आणि त्यांवर फिकट अक्षरांत काहीतरी खूण टाका. तुमचे फोटो चोरून दुसऱ्याच नावाने जाहिरात टाकणारे आणि तुमच्या घरासाठी लोकांकडून टोकन उकळणारे असतात. घराचा क्रमांक जाहिरातीत देऊ नका. किल्लीचा जवळून काढलेला फोटो कुठेही टाकू नका, कारण तिचे दाते नीट दिसले तर त्यावरून दुसरी किल्ली बनवता येते.

आता निकष. ते पहिला फोन येण्याआधी कागदावर लिहा. हे आम्ही कळकळीने सांगतो आहोत, कारण निकष लिहिलेले नसले की ते समोरच्या माणसाप्रमाणे बदलत जातात. बोलका माणूस आला की उत्पन्नाचा पुरावा मागायचा राहतो आणि बुजरा आला की त्याच्याकडे चार कागद जास्त मागितले जातात. निकष मोजता येण्याजोगे असावेत: घरात येणारे निव्वळ उत्पन्न भाड्याच्या किती पट, राहणाऱ्यांची जास्तीत जास्त संख्या, कोणत्या तारखेपासून घर हवे, किमान मुदत आणि आधीच्या घरमालकाशी बोलण्याची परवानगी. अर्ज आलेल्या क्रमाने तपासा आणि निकषांत बसणाऱ्या पहिल्याला घर द्या.

धर्म, जात, मूळ गाव, लग्न झाले आहे की नाही, मुले आहेत की नाहीत, हे त्या कागदावर येता कामा नये. अनेक देशांत ते बेकायदाच आहे. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारण्यास मनाई केली. त्यात १९७४ मध्ये स्त्री-पुरुष भेदाची आणि १९८८ मध्ये अपंगत्वाची व मुले असलेल्या कुटुंबांची भर पडली. पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा. दर दहा अर्जदारांतले सहा जण भाड्याशी संबंध नसलेल्या कारणाने तुम्ही दारातूनच परत पाठवलेत, तर उरलेल्या चौघांतून निवड करावी लागते. त्या सहांत सर्वांत भरवशाचे कुटुंब असू शकते आणि ते तुम्हाला कधी कळणारही नाही. आणि स्थिर नोकरी करणाऱ्या, वेळेवर भाडे भरणाऱ्या माणसाला घरोघरी नकार ऐकत फिरावे लागते, यात त्याचा जो अपमान होतो तोही खराच असतो.

पहिल्या फोनवर पाच मिनिटे पुरतात. घर कधीपासून हवे, सध्याचे का सोडता, किती जण राहणार, काम काय, सध्याच्या घरमालकाला नोटीस दिली का. शेवटच्या प्रश्नाला महत्त्व आहे. महिनाभर आधी नोटीस दिलेली असेल तर माणूस ठरवून घर बदलतो आहे. ‘उद्याच राहायला येतो, नोटिशीचे बघून घेऊ’ असे असेल, तर कारण विचारा. घाई म्हणजे लबाडी नव्हे. अचानक बदली होते, घरात काही घडते. अशी कारणे असली की त्यांचा कागदही असतो, बदलीचे पत्र किंवा नवीन नोकरीचे नेमणूकपत्र. ‘घर न पाहताच सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देतो, कागदपत्रांचे राहू द्या’ या प्रस्तावाला मात्र थेट नाही म्हणा. आगाऊ रकमेने उत्पन्नाचा प्रश्न सुटत नाही, तो सातव्या महिन्यावर ढकलला जातो. घराचा गैरवापर करू पाहणाऱ्यांची हीच नेहमीची वाट असते.

घर दाखवताना एकेका कुटुंबाला अर्धा तास द्या, गर्दी जमवू नका. घरातले दोष स्वतःहून सांगा. पाण्याची वेळ ठरावीक असेल, वरच्या मजल्यावर आवाज होत असेल, दुपारी खोली तापत असेल, तर ते आत्ताच कळू द्या. नंतर कळले की तीन महिन्यांत घर रिकामे होते. पाण्याचा दाब, मीटर स्वतंत्र आहे का, कपडे कुठे वाळवायचे, असे प्रश्न जो विचारतो, तो तिथे राहण्याचा विचार करतो आहे असे समजायला हरकत नाही. पण अशा निरीक्षणांवर निर्णय सोपवू नका. पुष्कळ चांगली माणसे घर पाहताना गप्प असतात.

उत्पन्नाची तपासणी ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी, आणि लोक नेमकी हीच गाळतात. ढोबळ नियम असा की भाडे हे निव्वळ उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत असावे. हप्ते चालू असतील तर भाडे आणि हप्ते मिळून निम्म्याच्या वर जाऊ नयेत. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे माणूस सध्या किती भाडे भरतो. आज १०० भरणारा उद्या १६० भरणार असेल, तर वरचे ६० कुठून येणार, हे त्याला मोकळेपणाने विचारा. पगार वाढला असेल, जोडीदार कामाला लागला असेल, तर तो सांगेलच.

नोकरदाराकडून तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट घ्या, स्क्रीनशॉट नकोत. बनावट कागद वरवर सुरेख दिसतात, पण बेरजेत अडकतात. स्लिपवर एकूण पगारातून कपाती वजा करा, निव्वळ आकडा जुळला पाहिजे. तोच आकडा शेवटच्या पैशापर्यंत बँकेत जमा झालेला दिसला पाहिजे, दरमहा साधारण त्याच तारखेला आणि त्याच कंपनीच्या नावाने. वर्षभराची बेरीज दाखवणारा रकाना असेल तर तो एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात बरोबर तेवढ्याच रकमेने वाढतो का पाहा. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक ओळीतली शिल्लक मागच्या ओळीवरून काढून पाहा. मध्येच एखादी जमा घुसवणारा पुढच्या सगळ्या शिलका बदलायला बहुधा विसरतो. यानंतर महिनाअखेरच्या शिलका नजरेखालून घाला. दर महिन्याला खाते शून्यावर येत असेल, तर पगार कितीही मोठा असो, एका अडचणीत भाडे थांबेल.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांना सहा महिन्यांचे स्टेटमेंट अन्याय करते. कुणाचा हंगाम त्यात येतो, कुणाचा येत नाही. त्यांच्याकडून बारा महिन्यांचे स्टेटमेंट आणि दोन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे घ्या, आणि सर्वांत कमी कमाईच्या तीन महिन्यांची सरासरी काढून त्यात भाडे बसते का पाहा. विद्यार्थी किंवा नुकतेच नोकरीला लागलेले असतील तर जामीनदार मागा. जामीनदाराची तपासणी भाडेकरूइतकीच कसून करा. त्याने करारनामा वाचून स्वतः सही केली पाहिजे आणि कराराला मुदतवाढ मिळाली तर जामीन पुढे चालू राहतो की नाही, हे त्यात लिहिलेले पाहिजे. बहुतेक जामीनपत्रे या एका ओळीवाचून कुचकामी ठरतात.

ओळखपत्र मूळ पाहा, फोटो आणि समोरचा माणूस जुळतो याची खात्री करा आणि घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे घ्या. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी अर्जदाराची लेखी संमती असू द्या. ज्यांना घर दिले नाही त्यांचे कागद परत करा किंवा नष्ट करा. लोकांची ओळखपत्रे आणि बँकेचे तपशील वर्षानुवर्षे मोबाइलमध्ये पडून राहणे हा त्यांच्यासाठी धोका आहे आणि तुमच्यासाठी जबाबदारी.

आता घरमालकांचे फोन. सध्याच्या घरमालकाचे बोलणे पूर्ण भरवशाचे नसते. भाडेकरू त्रासदायक असेल तर तो लवकर जावा म्हणून मालक कौतुक करू शकतो, आणि फार चांगला असेल तर जाऊ नये म्हणून हातचे राखून बोलू शकतो. त्याच्या आधीच्या घरमालकाला आता काही मिळवायचे-गमवायचे नसते. म्हणून त्याचा क्रमांक आवर्जून मागा. फोनवर माहिती तुम्ही पुरवू नका. ‘ते तुमच्याकडे दोन वर्षे होते ना?’ असे विचारले की खोटा घरमालकही ‘हो’ म्हणतो. ‘कधीपासून कधीपर्यंत होते? भाडे किती होते? कोणत्या तारखेला यायचे?’ असे विचारा आणि उत्तरे अर्जाशी ताडून पाहा. मित्राला घरमालक बनवून उभे केले असेल तर तो इथेच अडखळतो. मग विचारा: किती वेळा उशीर झाला, किती दिवसांचा? नोटीस दिली होती का? अनामतीतून काही कापावे लागले का, कशासाठी? आणि शेवटी, ‘पुन्हा घर द्याल का त्यांना?’ हा प्रश्न विचारून गप्प राहा. ‘हो, लगेच’ आणि ‘हं… तसे बरे होते’ यांत बराच फरक असतो. नोकरीची खात्री करायची तर कंपनीचा क्रमांक स्वतः शोधा, अर्जावरचा वापरू नका.

एखाद्या गोष्टीत विसंगती दिसली तर लगेच नकार देऊ नका, अर्जदाराला विचारा. महिना चुकला असेल, नाव स्पेलिंगमध्ये वेगळे असेल, पगार दोन खात्यांत जात असेल. खरा माणूस कागद काढून दाखवतो. जो चिडतो, घाई करतो किंवा विषय बदलतो, त्याच्याबाबत थांबा. आणि नकार द्यायचा तर दोन दिवसांत स्पष्ट कळवा. लोक तुमच्या उत्तरासाठी दुसरी घरे सोडून थांबलेले असतात.

पैसे घेताना एक सापळा लक्षात ठेवा. ‘चुकून जास्त रक्कम पाठवली, वरचे पैसे परत करा’ असा निरोप येतो, सोबत व्यवहाराचा स्क्रीनशॉट असतो. खात्यात काहीच आलेले नसते, किंवा धनादेश जमा दिसतो आणि काही दिवसांनी न वटता परत येतो. स्वतःच्या खात्यात रक्कम पक्की जमा झाल्याशिवाय ना परतावा, ना किल्ली. ‘सही उद्या करू, आज फक्त सामान ठेवतो’ यालाही नाही म्हणा. करारावर सर्वांच्या सह्या, अनामत आणि पहिले भाडे जमा, मग किल्ली. हा क्रम ओळखीतल्या माणसासाठीही बदलू नका.

करारनाम्यात राहणाऱ्या सर्व प्रौढांची नावे भाडेकरू म्हणून घाला. मित्र-मैत्रिणी मिळून राहणार असतील तर संपूर्ण भाड्याची जबाबदारी सर्वांची मिळून आणि प्रत्येकाची स्वतंत्रही, असे स्पष्ट लिहा. नाहीतर एक जण गेला की बाकीचे ‘आमचा वाटा भरला’ म्हणतात. भाड्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा. पगार ५ तारखेला आणि भाडे १ तारखेला असेल तर उशीर तुम्ही स्वतःच लिहून ठेवला आहे. किरकोळ दुरुस्ती कोणाची आणि मोठी कोणाची, नोटीस किती दिवसांची, पोटभाडेकरूला मनाई, भाडेवाढ कधी आणि किती, घरात येण्याआधी तुम्ही किती वेळ अगोदर कळवणार, अनामत किती दिवसांत परत, हे सगळे लिहा. जिथे राहता तिथल्या कायद्याप्रमाणे नोंदणी आणि पोलिसांना कळवण्याची अट असेल तर ती वेळेत पूर्ण करा. नोंदणी नसलेला करार वाद झाल्यावर मालकालाच महागात पडतो.

अनामतीची मर्यादा ठिकाणागणिक वेगळी असते. जर्मनीत ती सेवाखर्च वगळून तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येते आणि भाडेकरूला तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, मात्र तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. इंग्लंडमध्ये घरमालकाला अनामत ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. या सगळ्यांमागचा विचार एकच आहे: अनामत भाडेकरूची आहे, तुमच्याकडे फक्त ठेवलेली आहे. ती वेगळ्या खात्यात ठेवा. खर्चून टाकलेली अनामत परत करायची वेळ आली की मालकाला भिंतीवर नसलेले डाग दिसू लागतात.

ताबा देण्याच्या दिवशीची नोंद हा आमच्या मते सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. दोन तास काढा आणि भाडेकरूसोबत खोलीखोलीतून फिरा. प्रत्येक भिंत, छताचे कोपरे, खिडक्यांच्या चौकटी, सिंकच्या खालची बाजू, कपाटांचे आतले भाग, फरशीवरचा प्रत्येक तडा, असे सगळ्याचे फोटो घ्या. दोन खोल्यांच्या घरालाही शंभरेक फोटो सहज होतात. सगळे नळ सोडून, गीझर, पंखे, दिवे चालू करून व्हिडिओ काढा. उपकरणांचे अनुक्रमांक लिहा. मीटरचा फोटो असा घ्या की आकडा आणि मीटरचा क्रमांक दोन्ही दिसतील. किल्ल्या मोजून द्या आणि संख्या लिहा. यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. शिवाय भाडेकरूला सात दिवस द्या, कारण काही दोष राहायला लागल्यावरच कळतात. त्याने लिहून दिलेली भर यादीला जोडा.

या यादीशिवाय ‘हे आधीपासून होते’ या वाक्यावर तुमच्याकडे उत्तर नसते. यादी असली तरी झीज आणि नुकसान यांत फरक करावा लागतो. उन्हाने उडालेला रंग, चित्रासाठी ठोकलेल्या खिळ्याचे बारीक छिद्र, सैल झालेली मूठ, ही झीज. ती भाड्यातच आली. फुटलेली फरशी, जळालेला ओटा, गायब झालेली फळी, हे नुकसान. नुकसानीतही वयाचा विचार करा. भिंतीचा रंग चार वर्षे टिकेल असे धरले आणि तीन वर्षांनी तो डागाळलेला आढळला, तर भाडेकरूकडून रंगाच्या खर्चाचा एक चतुर्थांश भाग मागता येतो, पूर्ण नव्हे.

बुरशीवरून सर्वांत कडाक्याची भांडणे होतात, म्हणून ती वेगळी सांगतो. बाहेरच्या भिंतीवर पाऊस पडला की पसरणारा, कडेला पिवळसर रेघ असलेला डाग म्हणजे बहुधा बाहेरून पाणी मुरते आहे, आणि ते काम मालकाचे. कोपऱ्यांत, कपाटामागे, खिडकीच्या कडेला उठणारे काळे ठिपके बहुधा घरातल्या वाफेचे असतात. बंद खोलीत कपडे वाळवले, बाथरूमचा पंखा लावला नाही की ते येतात. तेव्हा कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढायला सांगा. पण बाथरूमला पंखाच नसेल, तर दोष भाडेकरूला कसा देणार? तो आधी बसवून द्या.

घर दिल्यावर पहिले तीन महिने लक्ष ठेवा. भाडे तीन दिवस उशिरा असेल तर साधा संदेश, सातव्या दिवशी फोन, चौदाव्या दिवशी लेखी पत्र. ‘देतील, चांगली माणसे आहेत’ म्हणत दोन महिने थांबू नका. एका महिन्याची थकबाकी माणूस फेडू शकतो, तीन महिन्यांची फेडणे बहुतेकांना अशक्य होते. मग तो फोन उचलायचे बंद करतो. नोकरी गेली असे त्याने सांगितले, तर थकलेली रक्कम चार महिन्यांत विभागून चालू भाड्यासोबत द्यायची, असे लिहून घ्या. सांगणारा भाडेकरू लपवणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला. कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे, सामान बाहेर काढणे, हे रागाच्या भरात कधीही करू नका. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि थकबाकीची न्याय्य बाजू असलेला मालक तिथेच आरोपी होतो.

तुमच्या बाजूचे वेळापत्रकही तितकेच पक्के असू द्या. पाणी, वीज, गॅस, मुख्य दाराचे कुलूप यांची तक्रार चोवीस तासांत, गळती तीन दिवसांत, बाकीचे दोन आठवड्यांत. तिसऱ्या महिन्यात आणि मग दर सहा महिन्यांनी घर पाहायला जा, किमान एक दिवस आधी विचारून. हेतू गळती, वायरिंग, खिडक्या पाहण्याचा असावा. स्वयंपाकघर किती आवरलेले आहे हे पाहण्याचा नव्हे.

मुदत संपताना भाडेवाढीचा विचार वरच्याच हिशेबाने करा. ५ टक्के वाढ म्हणजे वर्षाला ०.६ महिन्याचे भाडे. त्यापायी वेळेवर पैसे देणारे कुटुंब गेले आणि घर एक महिना रिकामे राहिले, तर वाढ गेलीच, वर नवीन रंग, दलाली आणि ही सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.

आणि भाडेकरू जाईल तेव्हा ताब्याची यादी हातात घेऊन त्याच्यासोबत पुन्हा फिरा, मीटरचे आकडे लिहा, किल्ल्या मोजा. कपात असेल तर फोटो आणि पावती जोडून द्या आणि उरलेली अनामत ठरल्या दिवशी खात्यावर पाठवा. त्याला चार ओळींचे पत्र लिहून द्या: कधीपासून कधीपर्यंत राहिला, भाडे किती होते, किती वेळा उशीर झाला, अनामत किती परत केली. काही दिवसांनी एखादा अनोळखी घरमालक तुम्हाला फोन करून ‘पुन्हा घर द्याल का त्यांना?’ असे विचारेल. त्याला जे खरे आहे ते सांगा.

आपले,
घरे भाड्याने देण्याघेण्याच्या कामात असलेले आम्ही काही जण